नळाची बडबड

तोंडवलीच्या तळाशील वाडीला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. पाणी कमी आहे म्हणायची सोय नाही. पण नळाकडे वळू.

१५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरवून दिले. पाण्याआधी होणाऱ्या भाषणाची मर्यादा मात्र ठरवली नाही. नळ सोडला की आधी फुसफुस, मग गुरगुर, मग थुंकी. रिकाम्या पाइपात शिरलेली हवा आधी बाहेर पडते. मीटर असेल तर पाण्याच्या भावाने तीही मोजली जाते. “पाणी इला गो!” म्हणून कळशी घेऊन धावणाऱ्या बाईच्या वाट्याला वारा, आणि तो तर किनाऱ्यावर फुकट मिळतो.

टाकीचे गणित निराळे. दाब टाकीच्या आकारावर नव्हे, उंचीवर ठरतो: दहा मीटरला साधारण एक बार. पाणी नळापेक्षा तीनच मीटर वर असेल तर ०.३. तरी आपण पाचशेची टाकी काढून हजाराची बसवतो आणि धार तेवढीच पाहून कंपनीला शिव्या देतो. मग चाकरमानी पंप बसवून जातो. आता नळ झटक्यात बंद केला की धावते पाणी अडते, दाबाची लाट उलटी फिरते आणि सैल क्लॅम्पातला पाइप भिंतीवर धाडकन आपटतो. शेजारी समजतात, घरात भांडण.

शिट्टी वाजते ती बहुधा झिजलेल्या वायसरची. तो काही रुपयांत मिळतो, म्हणून कोणी आणत नाही. आणतात चकचकीत नवा नळ. बसवणारा म्हणतो, “गणपती झाल्यावर येतंय.” कुठल्या वर्षीचे, हे आपण विचारत नाही.