वृकमानव आणि चेटकीण : जुळवणी, निगा व देखभाल

वृकमानव म्हणजे महिन्यातून एक रात्र लांडगा होणारा आणि उरलेले दिवस माणसात असणारा पुरुष. चेटकीण म्हणजे जादू येणारी, झाडपाल्याची जाणकार आणि बहुधा स्वतःचे दुकान चालवणारी स्त्री. या दोघांचे प्रेम हा इंग्रजी कादंबऱ्यांच्या एका भरभराटीच्या शाखेचा विषय आहे. या शाखेत जग बुडायला येत नाही आणि रक्तही फारसे सांडत नाही. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले, म्हणजे न्यू इंग्लंडमधले, किंवा इंग्लंडातले एखादे लहान गाव असते, पानगळीचे दिवस असतात, चेटकिणीची बेकरी किंवा पुस्तकांचे दुकान असते, आणि गावात नुकताच राहायला आलेला, दाढी वाढलेला, कमी बोलणारा एक सुतार असतो. तो कमी का बोलतो हे वाचकाला तिसऱ्या पानावर कळते, चेटकिणीला शंभराव्या. एवढ्या जाणकार बाईला इतका वेळ का लागावा, याचा खुलासा कोणत्याही कादंबरीत मिळत नाही. शेवट गोड असतोच. नसेल तर ते पुस्तक या शाखेत धरत नाहीत. गोड शेवटानंतरचे मात्र कोणी लिहीत नाही, आणि मार्गदर्शनाची गरज नेमकी तिथून सुरू होते.

जुळवणी

इतिहास पाहता या दोन घराण्यांचे कधी पटलेले नाही. लिव्होनियात, म्हणजे आजच्या लाटव्हियात, १६९१ साली थीस नावाच्या ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्याने न्यायालयात आपण वृकमानव असल्याचे बिनदिक्कत सांगितले. आपण सैतानाच्या नव्हे तर देवाच्या पदरचे कुत्रे आहोत, वर्षातून तीन रात्री नरकात उतरून चेटक्यांनी पळवलेले धान्य परत आणतो आणि म्हणून गावात पीक येते, असा त्याचा जबाब होता. अशाच एका मोहिमेत एका चेटक्याने झाडूच्या दांड्याने त्याचे नाक फोडले, अशीही त्याची तक्रार होती. न्यायाधीशांनी आणि पाद्र्याने परोपरीने समजावूनही म्हातारा हटला नाही. शेवटी त्याला फटक्यांची शिक्षा झाली.

त्याआधी बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने लिहिलेल्या कथाकाव्यात ब्रिटनीचा एक सरदार आठवड्यातून तीन दिवस लांडगा होतो. बायको त्याचे कपडे चोरवते, त्यामुळे त्याला माणसात परतता येत नाही, आणि पुढे संधी मिळताच तो तिचे नाक तोडतो. पुरावे दोन आणि दोन्हीकडे नाक. उभय पक्षांनी नाक जपावे, हा जुळवणीचा पहिला नियम झाला.

चेटकिणीच्या माहेरचीही चौकशी करावी. कादंबऱ्यांत ते पुष्कळदा मॅसॅच्युसेट्समधले सेलम असते. चेटूक केल्याच्या आरोपावरून १६९२ साली या गावाने एकोणीस जणांना फाशी दिले आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारले. आज त्याच सेलमच्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे आणि ऑक्टोबरात गावात पाय ठेवायला जागा नसते. गावाचे मन वळायला तीनशे वर्षे लागतात, हे नव्या जोडप्याने ध्यानात ठेवून शेजाऱ्यांकडून फार लवकर अपेक्षा करू नयेत.

पत्रिका जुळवण्याचा आग्रह कोणी मराठी नातेवाईक धरील, तर त्याला नम्रपणे थांबवावे. छत्तीस गुणांपैकी चार योनीचे असतात. त्या चौदा योनींत कुत्रा आहे, मांजर आहे, मुंगूसही आहे, लांडगा नाही. गणाचे गुण सहा, पण वर महिनाभर मनुष्यगणी आणि पौर्णिमेला राक्षसगणी असेल तर गुरुजींनी कोणता आकडा मांडायचा? पत्रिका जुळूनही संसार कसे होतात ते चार घरांत दिसतेच आहे. हा विषय इथे वाढवण्याचे कारण नाही.

आहेर

चांदी घेऊ नये. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’ या चित्रपटात वृकमानव झालेल्या नायकाला चांदीच्या मुठीच्या काठीने मारणारे त्याचे वडीलच असतात. तेव्हा घरच्यांनाही ही सूचना स्पष्ट द्यावी.

पौर्णिमा

जुन्या कथांतले वृकमानव पौर्णिमेला एवढे बांधलेले नव्हते. ही अट विसाव्या शतकातल्या चित्रपटांनी पक्की केली. एकदा ती मान्य केली की संसाराचे सगळे नियोजन तिच्यावर चालते. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. त्यामुळे वर्षाला बारा आणि काही वर्षी तेरा पौर्णिमा येतात. न्यू इंग्लंडमधल्या चेटकिणीने १७९२ पासून निघत असलेले ‘ओल्ड फार्मर्स अल्मनॅक’ हे पंचांग स्वयंपाकघरात टांगावे. मराठी वाचकाला हा खर्च नाही, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमेचा प्रारंभ आणि समाप्ती मिनिटासह छापलेली असते. तिथी दुपारी पावणेतीनला लागत असेल तर रूपांतर तेव्हाच होते की चंद्र उगवल्यावर, हे लग्नाआधी विचारून घ्यावे. अधिक मासाकडे विशेष लक्ष हवे. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्याने वर्षात तेरा पौर्णिमा आहेत, आणि हाच धोंड्याचा महिना असल्याने जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याचा प्रघात आहे. जावई वृकमानव असेल तर हे वाण शुद्ध पक्षाच्या पहिल्या आठवड्यातच उरकावे.

लेखकांसाठी एक टीप, कारण इथे चुका फार होतात. पूर्णचंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. नायिका मध्यरात्री खिडकीशी उभी आहे आणि डोंगरामागून पूर्णचंद्र हळूहळू वर येतो आहे, असे लिहिणाऱ्याने खिडकीबाहेर पाहिलेले नसते. शिवाय रात्री सारख्या लांबीच्या नसतात. बॉस्टनच्या आसपास डिसेंबरातली रात्र सुमारे पंधरा तासांची, जूनमधली जेमतेम नऊ तासांची. म्हणजे जूनमधल्या पौर्णिमेचा नवरा हिवाळ्यातल्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. लग्नाचा मुहूर्त याच हिशेबाने धरावा.

कपडे

पहिल्या शतकातल्या पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये एक शिपाई चांदण्यात, थडग्यांच्या शेजारी कपडे उतरवतो, त्यांच्याभोवती लघवीचे कडे करतो आणि लांडगा होऊन पळतो. मागे राहिलेल्या कपड्यांचे दगड होतात. ब्रिटनीच्या सरदाराची गोष्ट वर आलीच आहे. दोन हजार वर्षांच्या वाङ्मयाचे या बाबतीत एकमत आहे: परतीची वाट कपड्यांतून जाते, म्हणून ते जागच्या जागी हवेत. व्यवहारात असे दिसते की रूपांतर होताना नवरा शर्ट जिन्यात, पँट अंगणात आणि एक मोजा कायमचा हरवलेला, अशा अवस्थेत सोडतो आणि पहाटे दाराबाहेरून हाका मारतो. हे तरी समजण्यासारखे आहे, कारण त्या क्षणी त्याला हात नसतात. ज्यांना दोन्ही हात आहेत, ज्यांच्या आयुष्यात पौर्णिमेचा काही संबंध नाही आणि तरीही ज्यांचा ओला टॉवेल रोज सकाळी पलंगावर सापडतो, त्यांच्यासाठी कोणत्याही परंपरेत सवलत नोंदलेली नाही. नाहीच.

आहार

या कादंबऱ्यांतल्या चेटकिणीची बेकरी गृहीतच धरलेली असते आणि तिची प्रसिद्धी बहुधा चॉकलेट केकसाठी असते. ही गंभीर बाब आहे. चॉकलेटमधले थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. उलट्या, थरथर, हृदयाची धडधड आणि प्रमाण जास्त झाल्यास मृत्यू, असा त्याचा क्रम असतो. चॉकलेट जितके काळे आणि कडू तितका धोका जास्त. द्राक्षे आणि मनुकांनी मूत्रपिंडे जाऊ शकतात. कांदा आणि लसूण यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेला खाऊही वर्ज्य. लांडगा आणि कुत्रा यांचे नाते इतके जवळचे आहे की धोका पत्करण्यात अर्थ नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून बिनकांद्या-लसणाचा, चातुर्मासातला स्वयंपाक करावा आणि त्यात मटण घालावे. सासूबाईंना हे वाक्य दोन भागांत सांगावे.

चेटकिणीच्या परसात वचनाग असतोच. कादंबरीत त्याचा चहा नायकाला शांत झोप आणतो. खरोखर तो हृदयाचे ठोके बिघडवून मारतो. वचनागाचा काढा वृकमानवाला देऊ नये. इतर कोणालाही देऊ नये.

केस

वसंतात गळतात. तक्रार करू नये, झाडू हाताशी आहेच.

मांजर

मांजर घरात आधीपासून आहे. वाद संपला.

स्वभाव

या शाखेतला नायक स्वतःला ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा पुढारी, म्हणवतो. तो गुरगुरतो, दारात आडवा उभा राहतो, नायिकेने कोणाशी बोलावे ते ठरवतो, आणि हे सगळे लांडग्याच्या रक्तात असल्याचे वाचकाला सांगितले जाते. लांडग्याची इतकी बदनामी दुसऱ्या कोणी केलेली नाही. अल्फाची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून आली, आणि ते लांडगे बाझलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकाने ती जगभर पोचवली. पुढे रानातले लांडगे पाहिल्यावर १९९९ मध्ये स्वतः मीच यांनी ती खोडून काढली: कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरे, पुढारी म्हणजे आईबाप. आपले पुस्तक छापणे थांबवावे म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. शास्त्रज्ञाने मत मागे घेतले, नायकांनी घेतलेले नाही. घरात गुरगुरणाऱ्या माणसाला लांडगा म्हणू नये. कोंडलेला म्हणता येईल, आणि दार उघडायला कोणी अडवलेले नाही.

सोलापूर, नगर, पुण्याच्या माळरानांवर राहणारा आपला लांडगाही असाच कुटुंबवत्सल आहे. त्याचे कळप लहान असतात, बरेचदा जोडपे आणि त्याची पिल्ले एवढेच. अर्थात मेंढरे राखणाऱ्या धनगराकडून या वात्सल्याचे कौतुक ऐकायला मिळणार नाही.

पिल्ले

मादी साधारण त्रेसष्ट दिवसांत विते. पहिले काही आठवडे ती बिळापासून फारशी हलत नाही. त्या काळात नर शिकार करून तिला अन्न आणून देतो. पिल्ले थोडी मोठी झाली की पोटात साठवून आणलेले मांस त्यांच्यापुढे ओकतो आणि पुन्हा निघतो. त्याला कोणी आठवण करून देत नाही, आणि आपण बायकोला मदत करतो असे तो चारचौघांत सांगतही नाही. कादंबऱ्यांत हा सगळा काळ उपसंहाराच्या दीड पानात उरकलेला असतो आणि त्यात पाळणा नायिकाच हलवत असते.

म्हणून वर पाहायला जाणाऱ्यांनी पौर्णिमेची फार चौकशी करू नये. ती एक रात्र कशीही निभते. उरलेले अठ्ठावीस दिवस तो घरात काय करतो, एवढे मात्र कांदेपोहे संपायच्या आत विचारून घ्यावे.