हवा अंगाला लागते

पाचगणी शाळांवर आणि पर्यटकांवर जगते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या गावाचा जुना, घरंदाज धंदा निराळाच होता. माणसांची वजनं वाढवायचा. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली इथं क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन जन्माला यायला तीस-एक वर्षं होती. औषध म्हणजे डोंगरावरची हवा, पडून राहणं आणि दूध-अंडी. वजनाचा काटा वर सरकला की माणूस वाचणार. मग गावाला सवयच लागली. आमच्याकडं अजून कुणी पाहुणा दोन दिवस राहून निघाला की म्हणतात, "हवा अंगाला लागली हो तुमच्या!" पाहुणाही खूश होतो. निदान पूर्वी व्हायचा.

मी याच परंपरेतला आजोबा. त्यामुळं नाताळच्या सुटीत नातू पुण्याहून आला आणि गाडीतून उतरताना दारात जरा अडकला, तरी माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, "वाळलाय गं पोरगा!"

सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, बावन्न किलो आहे. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय."

"बाळसं आहे ते. उंची वाढली की ओसरेल."

"दहाव्या वर्षी?"

यात माझा एकट्याचा दोष नाही, भाषेचाही आहे. जाड पोराला मराठीत शब्द बघा: गुटगुटीत, बाळसेदार, अंगानं भरलेला, खात्यापित्या घरचा. आणि बारीक पोराला? काडी, हडकुळा, मरतुकडा, पाप्याचं पितर. भाषेनं आधीच बाजू घेतलीय. माझ्या आईनं दुष्काळ पाहिलेला. 'जेवलास का' हा तिचा प्रश्न नव्हता, हुकूम होता. तो मी पुढं चालवतोय, एवढंच.

सूनबाईंना वाचायची खोड. त्या म्हणाल्या, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. इंग्लंडमधलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं पावणेतीनलाही जरा कमीच. पण हातापायांच्या काड्या असल्या तरी आपल्या बाळानं चरबी मात्र राखून ठेवलेली. हे ऐकून मला आईच आठवली. घरात काही नसलं तरी रिकाम्या पिशव्या, सुतळ्या, बरण्या जपून ठेवायची, लागेल कधीतरी. आमची शरीरंही तशीच. आता अशा काटकसरी घरात पाच रुपयांच्या पुड्यांचा आणि पाव लिटरमागं पाच-सहा चमचे साखर असलेल्या बाटल्यांचा पूर आला, तर घर काय करणार? साठवणार!

बरं, खर्च कुठं होणार? नातवाची शाळा बसनं, शिकवणी स्कूटरवर, क्रिकेट अंगठ्यानं. सोसायटीत मैदान आहे, त्यावर गाड्या आहेत, आणि भिंतीवर 'येथे खेळू नये' अशी पाटी आहे. ती पाटी तेवढी पोरं पाळतात. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत तळकट-गोडमिट्ट विकायचं नाही, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. चांगला नियम. तेवढंच पोरांचं चालणं होतं.

तेव्हा मी ठरवलं, पोराला चालवायचं. थेट टेबल लँडच्या पठारावर. आधी स्ट्रॉबेरी खायला गुरेघरला थांबलो, कारण स्ट्रॉबेरी हे फळ आहे. फळ म्हणून मागवलं. आलं तेव्हा चार स्ट्रॉबेऱ्या क्रीमच्या डोंगराखाली दबल्या होत्या. दरड उपसावी तशा त्या बाहेर काढल्या. दरडही वाया घालवली नाही. अन्न पूर्णब्रह्म.

टेबल लँडवर पोचलो तर नातू म्हणाला, "आबा, घोडा!"

एवढं मैदान समोर पसरलेलं. या पठारावर आम्ही अनवाणी पळायचो. पण पोरानं हट्ट धरला आणि माझ्यातला आजोबा विरघळला. घोडेवाल्यानं नातवाकडं नीट पाहिलं, पुढं आणलेलं लहान घोडं मुकाट्यानं मागं नेलं आणि दुसरं आणलं. "ह्यो घ्या काका. दणकट हाय."

मला राग आला. पण घोड्याची बाजूही होतीच.

मिरवणूक निघाली. नातू वर. घोडेवाला लगाम धरून पुढं, माझ्याच वयाचा, पोट पाठीला लागलेलं. मी धापा टाकत मागं. त्या चौघांत व्यायाम कुणाला झाला, हे सांगायला नको. ज्याला हवा होता तो सोडून सगळ्यांना.

फेरी संपल्यावर नातवानं घोड्यापुढं बिस्किट धरलं. घोडेवाला एकदम ओरडला, "न्हाई न्हाई, द्यायचं न्हाई!"

"का हो? एकच तर आहे," मी म्हणालो.

"एकच एकच करत समदं गाव देतंय, काका. म्या हरभरं मापून घालतो. यकदा गोडाची चटक लागली का घोडं कामातनं गेलं. तुमचं काय, तुम्ही लाडानं देऊन जाता. पळवायचं मला असतंय."

माझा हात कोटाच्या खिशात होता. खिशात फजचा पुडा होता, सूनबाईंच्या नकळत घेतलेला. मी तो आणखी खोल सारला.

नातवानं ते पाहिलं. जवळ आला, आणि हळूच म्हणाला, "आबा, ते घोड्याबद्दल बोलतायत."