मगवर नको, मजकुरात दाखवा

कॉफीचा मग, कापडी पिशवी, टी-शर्ट. नवा देवनागरी फॉन्ट आला की त्याचं पहिलं दर्शन याच वस्तूंवर घडतं. मगवर भला थोरला 'अ', पिशवीवर 'नमस्ते', टी-शर्टवर 'क'. दिसतं देखणं. पण या सगळ्यात मिळून जोडाक्षर एकच, आणि तेही सर्वांत सोपं. एवढ्यावर फॉन्ट कसा जोखायचा?

माझी मागणी छोटी आहे. त्या फॉन्टमध्ये 'विठ्ठल' लिहून दाखवा.

ठ खाली ठ. दोन गोल अक्षरं एकाखाली एक, डोक्यावर शिरोरेषा, आणि हे सगळं एका ओळीच्या उंचीत. वरचा ठ आक्रसून घ्यायचा, खालचाही घ्यायचा, तरी दोन्ही ठ म्हणूनच वाचता आले पाहिजेत. खालचा ठ पुढच्या ओळीतल्या मात्रेवर आदळता कामा नये. मोठ्या आकारात हे जमल्यासारखं वाटतं, पण वर्तमानपत्री आकारात आणलं की आतली पोकळी बुजते आणि शाईचा ठिपका उरतो. काही फॉन्टमध्ये हे जोडाक्षर काढलेलंच नसतं. मग वरच्या ठ चा पाय मोडून दोन्ही शेजारी शेजारी उभे करतात. आषाढीच्या फलकांवर असा पाय मोडलेला विठ्ठल दिसतो. कधी दोष सॉफ्टवेअरचाही असतो, हे खरं. पण फॉन्ट विकणाऱ्याने, निदान वाटणाऱ्याने, हा शब्द आपल्या नमुन्याच्या पानावर छापला असता तर घेणाऱ्याला आधीच कळलं असतं.

पुढची मागणी 'उद्ध्वस्त'ची. त्यानंतर 'वाङ्मय', 'ज्योत्स्ना', 'स्वातंत्र्य'. यातला एकही शब्द अडगळीतला नाही. शाळेतल्या मुलाच्या पुस्तकात हे सगळे सापडतात.

रोमन लिपीचा फॉन्ट करणाऱ्याला २६ अक्षरं दोन रूपांत काढावी लागतात, शिवाय आकडे आणि चिन्हं. देवनागरी करणाऱ्याचं काम कित्येक शे आकृत्यांवर जातं. नुसती ऱ्हस्व वेलांटी घ्या. 'रि' मध्ये तिची कमान आखूड लागते, 'स्थि' मध्ये लांब, कारण तिला शेवटच्या व्यंजनापर्यंत पोचायचं असतं. म्हणून चांगला कारागीर एकच वेलांटी अनेक लांब्यांत काढून ठेवतो. 'वर्षांनी' लिहिलं की रफार आणि अनुस्वार दोघंही एकाच कान्याच्या डोक्यावर जागा मागतात. तिथे कोण किती सरकणार, हे कुणीतरी तासन्‌तास बसून ठरवलेलं असतं. ही मेहनत मगवर दिसत नाही, दिसणारही नाही. ज्याने ती केली त्याने ती लपवून ठेवावी याचा मला राग येतो.

मराठीचे म्हणून खास हट्टही आहेत. 'दऱ्या' मधला तो आडवा र फॉन्टमध्ये नसेल तर डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. आपला ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला उभ्या दांड्याचा. श चंही वळण वेगळं. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची प्रमाण वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली. आजच्या अनेक चांगल्या फॉन्टमध्ये ही मराठी रूपं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्याशिवाय ती वर येत नाहीत. अक्षरं पोटात आहेत, वापरणाऱ्याला पत्ता नाही! जाहिरात मराठी, दुकान मराठी, गिऱ्हाईक मराठी, आणि ल मात्र हिंदी. फॉन्टच्या प्रदर्शनात एक ओळ एवढ्यासाठी खर्च केली तर काय बिघडेल?

आणखी एक गोष्ट खटकते. इंग्रजी फॉन्टचे तुकडे कापून जोडलेली देवनागरी. n ची कमान उचलून ग, o अर्धा कापून व. रोमन अक्षर ज्या कोनात धरलेल्या रुंद टाकातून आलं, त्याच्या उलट कोनात आपला बोरू कापलेला असतो. त्यामुळे रेघ जाड कुठे आणि बारीक कुठे, हा हिशेबच दोन्ही लिप्यांत निराळा. तो उलटा केला की अक्षर ओळखू येतं, पण पानभर वाचताना डोळे शिणतात. बोरू हातात न धरता देवनागरी फॉन्ट करायला बसू नये, या मतावर मी ठाम आहे.

आता कौतुक, कारण ते करण्यासारखं खूप आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मोदक' पाहा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला हा फॉन्ट इतका गुबगुबीत की अक्षरांमधली पोकळी जवळजवळ संपते, फट तेवढी उरते. त्या बारीक फटीवर अक्षर ओळखू येणं ही मोठी करामत आहे. तो शीर्षकासाठीच आहे आणि तसंच मिरवतो, म्हणून त्याला मगही शोभतो आणि भिंतही. त्याच गटाचा 'जैनी' कल्पसूत्राच्या हस्तलिखित पोथ्यांच्या वळणावरून आलेला. 'मुक्ता' सात वजनांत, रोजच्या मजकुरासाठी. 'अनेक' तर रोमन धरून दहा लिप्यांत. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकारातून आलेला 'यशोमुद्रा' खास मराठी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला आहे. हे सगळे फुकट मिळतात. तरी लग्नपत्रिकेपासून सरकारी परिपत्रकापर्यंत तेच ते दोन-चार फॉन्ट घासले जातात, याचं मला वाईट वाटतं.

नमुना कसा दाखवावा, हे आपल्याकडे फार आधी करून झालं आहे. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणूजी आरू यांच्यासारख्या कारागिराने कोरलेल्या ठशांवरून तिथे खिळे पाडले गेले. त्या खिळ्यांची खरी जाहिरात म्हणजे तिथून निघालेले संस्कृत ग्रंथ, 'काव्यमाला'सारखी मालिका. वर मूळ श्लोक मोठ्या खिळ्यात, खाली टीका बारीक खिळ्यात, आणि टीकेत जोडाक्षरांवर जोडाक्षरं. एखादी जुनी प्रत मिळाली तर भिंग घेऊन त्या बारीक टीकेचा एक परिच्छेद बघा. तीन-तीन व्यंजनं एकमेकांत अडकलेली, तरी प्रत्येकाची कड शाबूत. देशभर त्या खिळ्यांना मागणी आली ती अशा पानांमुळे.

तेव्हाचे ठसे कोरणारे आपण विसरलो. निदान आताच्यांना विसरू नये. र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार, मुंबई आयआयटीत शिकवणारे. त्यांनी घडवलेला 'मंगल' विंडोज २००० बरोबर संगणकांवर आला. त्यानंतर कचेऱ्यांमधून, शाळांमधून, सायबर कॅफेंतून किती लोकांनी त्या अक्षरांत पहिल्यांदा स्वतःचं नाव टाइप केलं असेल! त्यातल्या फार थोड्यांना जोशी माहीत आहेत. जोशी २००८ मध्ये गेले. नाटकांच्या शीर्षकांची अक्षरं ज्यांच्या हातून उतरली ते कमल शेडगे २०२० मध्ये गेले. त्यांची अक्षरं निदान त्यांच्या नावाने ओळखली गेली. मजकुराचं अक्षर घडवणाऱ्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

पुस्तकात मुखपृष्ठकाराचं नाव असतं, मुद्रकाचं असतं, अक्षरजुळणी करणाऱ्याचंही असतं. अक्षर कुणाचं, तेवढं नसतं. दिवाळी अंकांची जुळणी सुरू होईल तेव्हा संपादकांनी श्रेयनामावलीत एक ओळ मोकळी ठेवावी: मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये, आणि तो घडवला कोणी. आणि फॉन्ट करणाऱ्यांनी पुढचा नमुना काढताना पूर्ण दोन स्तंभ मराठी मजकूर बारीक आकारात छापावा, विठ्ठलासकट.