गाडी तिथे कशाला लावली होती?

११ तारखेला, रविवारी, नारायण पेठेत बहिणीकडे जेवायला गेलो होतो. तारीख मुद्दाम सांगतोय, कारण तिला कायदेशीर महत्त्व आहे. पुण्यात पी-१, पी-२ अशा पाट्या असतात आणि सम-विषम तारखा बघून गाडी रस्त्याच्या या किंवा त्या अंगाला लावायची असते. मी विषम तारखेला विषम अंगाला लावली. फुटपाथला चिकटून, आरसे मिटून. फाटक कुणाचं अडवलं नाही, वळण अडवलं नाही. पेठेत इतकी निर्दोष जागा मिळाली की माणूस जिना चढताना शीळ घालतो. मीही घातली.

दोन तासांनी पोटात श्रीखंड घेऊन खाली उतरलो, तर उजवं मागचं दार आत गेलेलं. त्याच्यामागच्या पत्र्यावर वीतभर लांब ओरखडा, त्यात पांढरा रंग भरलेला. टेल लॅम्प फुटलेला. ठोकणाऱ्याने जाताना एवढं मात्र केलं होतं, की लाल काचेचे तुकडे पायाने गटाराकडे सारले होते. म्हणजे स्वच्छतेची जाणीव होती.

वायपरखाली एक कागद होता. क्षणभर ऊर भरून आला. उघडला तर घरपोच गाडी धुऊन देणाऱ्याची जाहिरात. आपल्या गावात काचेवर कागद येतो तो जाहिरातीचा, नाहीतर हवा सोडण्याच्या धमकीचा. ‘आपल्या गाडीस धक्का लागला, क्षमस्व, हा माझा नंबर’ अशी पुणेरी पाटी मी अजून पाहिलेली नाही, आणि पाट्या मी बऱ्याच पाहिल्यात.

वरच्या गॅलरीतून मेहुणे वाकले. दार बघितलं, ओरखडा बघितला आणि म्हणाले, “अरे, पण तिथे कशाला लावली होतीस?”

गेल्या दोन आठवड्यांत हा प्रश्न मला सहा जणांनी विचारला. ‘कुणी ठोकली?’ असं विचारलं ते फक्त सहा वर्षांच्या भाच्याने. त्याला ‘मोठ्यांमध्ये बोलू नये’ म्हणून आत पाठवण्यात आलं.

अपघात म्हटला की दोघांचीही थोडी थोडी चूक असते, हा आपला राष्ट्रीय सिद्धांत आहे. टाळी एका हाताने वाजत नाही, वगैरे. उभ्या गाडीच्या बाबतीत या सिद्धांताची पंचाईत होते. इंजीन बंद, हँडब्रेक वर, आत माणूस नाही. चूक शोधायची कुठे? मग तिचं तिथे उभं असणं हीच चूक ठरते. ती चालत असती तर निदान चुकवता तरी आली असती!

पाच मिनिटांत तज्ज्ञ जमले. एकाने ओरखड्याची उंची हाताने मोजली. “कार नव्हे. टेम्पो.” दुसऱ्याने नख लावून पांढरा रंग खरवडला आणि त्याच्याकडे सोनारासारखं बघितलं. तिसरा म्हणाला, आजकालच्या गाड्यांना पत्रा असतोच कुठे, नुसते पापड. जुन्या फियाटला काही झालं नसतं. मला फियाटचा मालक नसल्याबद्दल अपराधी वाटायला लागलं.

खरा साक्षीदार निघाला जिन्याखालचा इस्त्रीवाला. त्याने सगळं पाहिलं होतं. “छोटा हत्ती होता साहेब. कपाट उतरवून मागं घेत होता. फाळक्याचा कोपरा लागला. पोरगं उतरलं, अंगठ्याला थुंकी लावून पुसून बघितलं. निघंना, मग गेलं.”

“नंबर?”

“नंबर कशाला बघतोय? पण मागं लिहिलेलं आठवतंय ना. ‘आईचा आशीर्वाद’.”

पुण्यात ‘आईचा आशीर्वाद’ घेऊन फिरणारे टेम्पो किती, याची कल्पना वाचकांनीच करावी. आपल्या माणसांना वाहनामागचं वाङ्मय तोंडपाठ असतं, शेरासकट. त्याच्या जरा खाली लिहिलेले चार आकडे काही लक्षात राहत नाहीत. कपाट कुणाचं उतरलं याची चौकशी केली, तर त्या दिवशी गल्लीत कुणाकडेच कपाट आलेलं नव्हतं, असं समजलं.

पोलीस चौकीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही. हवालदारांनी पेन उघडलं.

“कुणाला लागलं?”

“गाडीला.”

“माणसाला?”

“नाही.”

पेन मिटलं. मग लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी दाखवा म्हणाले. ज्याने ठोकली त्याचे कागद तपासायची सोय नव्हती, म्हणून जिला ठोकली तिचे तपासले. पीयूसी तीन दिवसांपूर्वी संपली होती. मी गप्प राहिलो. त्यांनीही मोठ्या मनाने कागद परत दिले. “साहेब, अर्ज लिहून द्या, शिक्का मारून देतो. पण तिथे कशाला लावली होती?” मी पी-१ची पाटी, विषम तारीख, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “हां, ते ठीक आहे. पण तरी.”

या ‘पण तरी’ला कुठल्याच कायद्यात उत्तर नाही. बाकी कायदा आपला फर्स्टक्लास आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४. अपघातात माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, आणि जागेवर पोलीस नसेल, तर चालकाने जवळच्या ठाण्यात जाऊन शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, खबर द्यायची. नाही दिली तर कलम १८७ आहेच. २०१९च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत म्हणजे ब्रिटनचा रस्ते वाहतूक कायदाही १९८८चाच, आणि त्याच्या कलम १७०मध्येही मुदत २४ तासांचीच. साल तेच, तास तेवढेच. पण आपल्याकडे ठाण्यात जातो तो धडक खाल्लेला. शिवाय पीयूसी दाखवतो.

जर्मनीत तर काचेवर चिठ्ठी ठेवून निघून जाणंही पुरत नाही. जागेवर थांबायचं, मालक आलाच नाही तर पोलिसांना कळवायचं. नाहीतर त्यांच्या दंडसंहितेचं कलम १४२, त्यात दंड किंवा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या माझ्या मावसभावाने शेजाऱ्याच्या गाडीचा आरसा घासला, तेव्हा तो भर पावसात अर्धा तास उभा होता. हाच मावसभाऊ कोथरूडला राहत असताना काय करायचा ते मी लिहिलं असतं, पण मावशी हे सदर नेमाने वाचते.

आता विमा. हा या प्रकरणातला सगळ्यात रसाळ भाग.

क्लेमच्या फॉर्मात एक रकाना असतो, अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होतं. त्याच्यापुढे चालकाचा परवाना क्रमांक. त्याच्यापुढे वेग. मी लिहिलं: कुणी नाही. लागू नाही. शून्य. एजंटाचा फोन आला.

“काका, असं नाही चालत. चालक लागतो.”

“पण गाडी उभी होती रे.”

“ते कळलं. पण अज्ञात वाहनाने ठोकली म्हटलं की वर बसलेले पोलिसांचा कागद मागतात, फाटे फोडतात. त्यापेक्षा लिहा, सोसायटीत मागे घेताना खांबाला घासली. दोन दिवसांत पास.”

“म्हणजे मीच ठोकली?”

“कागदावर, काका. कागदावर.”

काय मागणं आहे बघा. ज्याने ठोकली तो कपाट उतरवून, भाडं घेऊन, घरी जाऊन झोपला. आणि ज्याची ठोकली त्याने सहीनिशी लिहून द्यायचं की मी बावळट आहे, मला खांब दिसत नाही. अपघात घडला आहे, तर गुन्हेगार पाहिजे. हाताशी मी एकटाच, तर मीच. शिवाय विमा कंपनीला खोटं लिहून देणं हा सुखाचा मामला नाही. वाचकांसाठी सांगतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेतलेला असेल, तर उभ्या गाडीला अज्ञाताने ठोकलं तरी तो लागू होतो. खांब निर्माण करावा लागत नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र ज्याच्या विम्यातले थर्ड पार्टी तुम्ही, तो सापडत नाही, आणि तुमच्या विम्यातून तुम्हाला काहीच मिळत नाही.

मी खरं तेच लिहायचं ठरवलं. तेवढ्यात आकडेमोड करायची दुर्बुद्धी झाली.

गॅरेजवाल्या मिस्त्रीने आधी विचारलं होतं, “इन्शुरन्स की कॅश?” हा प्रश्न डॉक्टरांच्या ‘मेडिक्लेम आहे का?’ इतकाच खोल आहे. इन्शुरन्स असेल तर दार बदलायला झालेलं असतं, कॅश असेल तर तेच दार ठोकून निघतं. कॅशचा भाव: दोन पॅनल रंगवायचे सात हजार, डेंटिंग दीड हजार, टेल लॅम्प २,९००. एकूण ११,४००. (“तिथे कशाला लावली होती साहेब?” हे फुकट.)

यातलं विमा कंपनी किती देणार? टेल लॅम्प प्लॅस्टिकचा, त्यावर ५० टक्के घसारा. रंगकामाच्या बिलातला पाव भाग मालाचा धरतात, त्यावरही ५० टक्के. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपलेच. घसारा न कापणारं ‘झीरो डेप’ मी घेतलेलं नव्हतं, कारण ‘मी काय गाडी ठोकणार आहे?’ असं मीच एजंटाला ऐकवलं होतं. हातात येणार आठ हजारांच्या आसपास.

आणि जाणार किती? पाच वर्षं एकही क्लेम केला नाही, म्हणून मला नो क्लेम बोनस ५० टक्के आहे. क्लेम केला की तो शून्यावर. मग पुन्हा पहिल्यापासून जिना: २०, २५, ३५, ४५, ५०. माझ्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सुटीआधी १२ हजार आहे असं समजा, आणि तो तसाच राहील असंही समजा. पहिल्या वर्षी सहा हजारांचा फटका, दुसऱ्या वर्षी ३,६००, मग तीन हजार, १,८००, शेवटी ६००. बेरीज १५ हजार. आठ हजार मिळवण्यासाठी १५ हजार घालवायचे, आणि वर खांब न दिसल्याची कबुली.

नाव ‘नो क्लेम’. कुणी ‘अ‍ॅट फॉल्ट’ म्हटलंच नव्हतं. बोनस चांगल्या ड्रायव्हरला नसतो, गप्प बसणाऱ्याला असतो, हे पाच वर्षं पैसे भरल्यावर माझ्या लक्षात आलं.

समजा, नंबर मिळाला असता तर? सरकारी अ‍ॅपवर टाकायचा. त्याचा विमा चालू आहे का ते दिसतं, मालकाचं नाव दोन अक्षरं आणि पुढे चांदण्या असं दिसतं. मग त्याच्या थर्ड पार्टी विम्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. मालमत्तेच्या नुकसानीचा दावा तिथे चालतो. माझा ११,४०० रुपयांचा दावा घेऊन कुठला वकील उभा राहील आणि त्याची फी किती असेल, याची गोळाबेरीज करायला मिस्त्रीच्या बाकावर बसल्या बसल्या पाठकोरा कागद उरला नव्हता.

हे सगळं तावातावाने लिहिताना बायको मागे येऊन उभी राहिली. तिने वाचलं आणि फक्त म्हणाली, “अहो, ती अ‍ॅक्टिव्हा?”

झालं. तर तीही सांगून टाकतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी, एका मंगल कार्यालयाबाहेर गाडी मागे घेताना माझ्याकडून एक स्कूटर पडली. तिच्यावर रेललेल्या आणखी दोन पडल्या. मी उतरलो, इकडेतिकडे पाहिलं, तिन्ही उचलून उभ्या केल्या. एकीचा इंडिकेटर फुटला होता. त्याचे तुकडे पायाने कडेला सारले. ‘कशाही लावतात गाड्या,’ असं पुटपुटलो आणि मुहूर्त गाठायचा असल्यासारखा निघालो. वास्तविक लग्न लागून जेवणंही झाली होती. कलम १३४ तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी पत्रिकेच्या मागे नंबर लिहून ठेवला असता, असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. त्या स्कूटरच्या मालकाला किंवा मालकिणीला घरी गेल्यावर काय विचारलं गेलं असेल, ते मात्र आता नक्की ठाऊक आहे.

क्लेम केलेला नाही. दार कॅशमध्ये ठोकून घेतलं, टेल लॅम्प नवा बसवला, पीयूसी काढली. दाराचा रंग मूळ चॉकलेटीपेक्षा किंचित उजळ आलाय. मिस्त्री म्हणतो, उन्हात सारखा होईल.

तर वाचकहो, एक पांढरा छोटा हत्ती आहे. मागे ‘आईचा आशीर्वाद’, आणि फाळक्याच्या एका कोपऱ्याला माझ्या गाडीचा चॉकलेटी रंग. कुठे उभा दिसला तर कळवा. वाङ्मय मला माहीत आहे. फक्त नंबर टिपा.