आयती हालचाल

नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या १० दिवसांत जिचा पहिला आराखडा उभा केला, ती जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा शिकण्यास अनेक वेबपानकर्त्यांना सवड मिळेना, म्हणून १९९७ मध्ये आलेल्या मॅक्रोमीडियाच्या ड्रीमवीव्हर या वेबपाने रचण्याच्या सॉफ्टवेअरने ‘बिहेवियर्स’, म्हणजे यादीतून निवडताच आपोआप लिहून मिळणारी स्क्रिप्ट, अशी सोय करून दिली. माउस नेला की चित्र बदलावे, एवढ्याच हौसेपोटी पानाच्या माथ्यावर ‘एमएम’ या आद्याक्षरांची चार फंक्शने, म्हणजे नेमून दिलेले काम करणारे आज्ञासंच, ठाण मांडून बसत : एक चित्रे आधीच मागवून ठेवी, दुसरे ती शोधी, तिसरे बदली आणि चौथे पूर्ववत करी. त्यांतील अक्षरही न वाचता पानकर्ता तंत्रज्ञ ठरे. आणि नेटस्केप ४ मधील दोष झाकण्यासाठी, खिडकीचा आकार बदलताच पान पुन्हा मागवणारे जे पाचवे फंक्शन घातले जाई, ते तो ब्राउझर अस्तंगत झाल्यावरही कित्येक पानांवर इमानाने पहारा देत राहिले. पुढे चित्रबदलाचे तेच काम सीएसएस या मांडणीच्या भाषेतील ‘हॉव्हर’च्या एका नियमाने भागू लागले. आता स्क्रिप्ट लिहून देण्याचा मान कृत्रिम बुद्धिमत्तेकडे गेला असला, तरी ती न वाचता चिकटवण्याचा वडिलोपार्जित हक्क मानवाने अद्याप सोडलेला नाही.