नेलेली शेळी परत कामून?

"वैनी, या जरा कुंपणापाशी. नातवानं सकाळधरनं डोकं खाल्लंय. शिष्यवृत्तीला बसलाय ना, त्यात बुद्धिमत्ता चाचणी. वाघ, शेळी अन् गवताचा भारा."

"ते नदीपल्याड न्यायचं? चप्पूत नावाडी अन् संगं एकच?"

"तेच. पहिल्यांदा शेळी न्यायची, हे त्यालाबी कळलं. वाघ काय गवत खात न्हाई. पुढं अडलं. वाघ न्या नाहीतर भारा न्या, पल्याड शेळी हायेच!"

"मग?"

"मग येताना शेळी परत आणायची."

"अगं बाई! नेलेली परत कामून?"

"इथंच समदे फसतात. नेलं ते नेलंच, असं धरून बसतात. कोड्यात तसं कुठं म्हणलंय? वैर शेळीचं दोघांशी. वाघाचं अन् गवताचं काहीच न्हाई. म्हणून वाघ पल्याड सोडायचा, शेळी अल्याड आणून ठेवायची, भारा न्यायचा, रिकामं यायचं, मग शेळी. सात फेऱ्या."

"आमच्या थोरल्या जाऊबाईवानी. धाकटीशी पटंना, नणंदेशी पटंना. बारशाला मामंजी तिलाच जीपमधी घेऊन फिरत व्हते."

"पाचात का न्हाई, हे पोरानं इचारलं. पाचात तीनदा जायचं, दोनदा यायचं. म्हंजी दोन्हीदा रिकामंच यावं लागंल. अन् दुसऱ्या खेपेला शेळीपाशी कुणाला तरी सोडून!"

"तिचे आजोबा काय म्हणाले?"

"तिचे?"

"अवं, पोराचे!"

"त्यांनी राक्षसभुवन काढलं. आपल्या गेवराईकडचं, शनीचं. १० ऑगस्ट १७६३ची लढाई. निजाम गोदावरी उतरून पल्याड गेला, दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसकट अल्याडच. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यानं अन् राघोबादादानं त्याला गाठलं. दिवाण पडला. निजाम पैलतीरावरून काय करणार? पल्याड कोण गेलं ह्याच्याहून मागं कोण ऱ्हायलं ते बघावं, म्हणाले. अन् इंग्लंडातला अल्क्विन म्हणून मास्तर होता, हजार-बाराशे वर्षांमागं. त्याच्या नावावर हेच कोडं लॅटिनात हाये. तिकडं लांडगा, बकरी अन् कोबी."

"कोबी खाल्ली तर खाऊ द्या की बकरीला! पर आक्का, तुमच्याकडं तर दोन शेळ्या."

"दोन असल्या तर पहिल्याच खेपेला खेळ खलास. एक नेली की दुसरी वाघापाशी."

"मग दुसरा नावाडी बघा."