मोबाईलमधला ओळंबा

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत बसून आता आयआयटीच्या प्राध्यापकांकडून पर्यावरणपूरक बांधकाम शिकता येते. आयआयट्यांचा एनपीटीईएल हा ऑनलाइन उपक्रम 2003 पासून आहे, स्वयम् हे सरकारी व्यासपीठ 2017 पासून. व्याख्याने फुकट, परीक्षेपुरती फी. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रासाठी 25 गुण स्वाध्यायाचे, 75 केंद्रावरच्या परीक्षेचे, आणि बहुतेक प्रश्नांना चारातला एक पर्याय टिचकावला की झाले. त्यामुळे मे महिन्यात पत्र्याखाली घाम पुसत बसलेला होतकरू ‘उष्ण प्रदेशात घर थंड कसे ठेवावे?’ याचे अचूक उत्तर देतो. पत्रा तापायचा तो तापतोच, कारण तो परीक्षेला बसलेला नसतो.

खरे तर या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याने कधीच बांधून ठेवले होते: जाड दगडी भिंती आणि वर मातीचे माळवद. त्या उत्तरातली चूक 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखवली. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना जखडणारे आरपार दगड नव्हते, सांध्यांत चिखल होता, डोक्यावर वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीचे ओझे होते. भिंती फुगून फुटल्या आणि झोपेतली हजारो माणसे गाडली गेली. आरपार दगड घाला, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून अखंड पट्टा फिरवा, असे सांगणारे आयएस 13828 हे भारतीय मानकही 1993 चेच. ज्ञान होते; ते गवंड्याच्या थापीपर्यंत पोचले नव्हते. पुढे आपण धडा काय घेतला? माती वाईट, स्लॅब चांगला. थंडावा गेला, आणि तो कसा परत आणावा याचा आता बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स निघाला!

कोणी म्हणेल, उमरीच्या पोराला पवईची आयआयटी परवडते का? नाही परवडत, आणि म्हणूनच व्याख्याने हवीतच. तुळईवरचा भार काढायला शिकवण्यात पडदा कुठे कमी पडत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: वर्गात बसणारी पोरे तरी साइटवर कुठे जातात? खरे आहे. मिक्सरसमोर एक सामूहिक फोटो काढला की त्यांची क्षेत्रभेट संपते. पण म्हणून ऑनलाइनवाल्यालाही उन्हातून सूट द्यायची, हा न्याय अजब आहे. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था 1981 पासून उभी आहे. अशा संस्थांनी उमरी-किनवटच्या ऑनलाइन विद्यार्थ्यांकडून एकेक जुने माळवद मोजून घ्यावे, मेमधले आतले-बाहेरचे तापमान लिहून घ्यावे, आणि 25 तरी गुण गावातल्या मिस्त्रीच्या हाती द्यावेत, मानधनासह. मिस्त्रीकडे पदवी नाही, असे विद्यापीठ म्हणेल. ओळंब्याकडेही नाही.

तोवर प्रमाणपत्रधारकांना एकच विनंती: कोणाचेही दगडी बांधकाम चालू दिसले, तर मोबाईल खिशात ठेवा आणि विचारा, ‘मिस्त्री, आरपार दगड कुठं टाकलेत?’